ज्याला बोलता येतं

सकाळी तोंडात ब्रश असतानाच मी भूपेंद्रचं स्टेटस पाहतो. कोणी सकाळी उठून तंबाखू मळतं, कोणी देवाला हात जोडतं, मी हे करतो. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. आधी काळपट ओटा, नंतर चकचकीत ओटा. आधी शेवाळलेली मोरी, नंतर निळ्या टाइल्सची न्हाणी. खाली जोडलेले दोन हात आणि ‘आपला विश्वास, आमचं काम’. ते पाहून पोटात दुखायला लागलं की माझा दिवस सुरू होतो. त्या दिवशी स्वयंपाकघर होतं. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, वर पांढऱ्या टाइल्स, खाली ट्रॉल्या, खिडकीला नवी जाळी. बरं होतं. म्हणजे चांगलंच होतं, बरं होतं असं मी म्हणतो. पुढे सरकणार तेवढ्यात ओट्याच्या कोपऱ्यात एक स्टीलचा डबा दिसला. झाकणाला कडी, पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. मी दोन बोटांनी फोटो ताणला. ‘चि. निकेश व चि. सौ. कां. रीता यांच्या शुभविवाहप्रीत्यर्थ’. निकेश म्हणजे मी. रीता आतमध्ये कणीक मळत होती. तो डबा तिनं दिवाळीत चकल्या भरून माहेरी नेला होता, आणि रिकामा कसा परत द्यायचा म्हणून सासूबाईंनी तो अजून परत केला नव्हता. म्हणजे हे स्वयंपाकघर समुद्रपूरचं होतं, माझ्या सासऱ्यांचं होतं, आणि ते भूपेंद्रनं केलं होतं. फेस हनुवटीवरून बनियनवर आला तरी मी तसाच उभा.

मी फोन रीतासमोर धरला. तिनं पिठाचे हात वर ठेवूनच पाहिलं आणि पुन्हा कणकेत घातले. तेवढ्यानं मला कळलं. “तुले माहीत होतं?” मी म्हटलं. “बाबांनी सांगू नको म्हणलं होतं,” ती म्हणाली. काऊन, असं मी विचारलं, तर म्हणते, “आता काऊन काय त्याच्यात. जावयाले कोणी कामाले लावते का?” मी म्हटलं, “कामाले लावा नाई म्हटलं मी. काम द्या म्हटलं.” तिनं गोळा तोडला. “एकच आहे ते. अन् तुमाले सांगतलं असतं तं तुमी महिनाभर नीट जेवले नसते.” हे मात्र खरं होतं. त्या सकाळी मी जेवलो नाहीच, चहासुद्धा अर्धा ठेवला. उन्हाळाभर सासूबाई फोनवर सांगत होत्या, आता येऊ नका, घरात रंगकाम काढलं आहे, नुसती धूळ आहे. मला वाटायचं, जावयाला धुळीचा त्रास नको म्हणून सांगतात. किती काळजी करतात माझी, असंही मी एकदा रीताला म्हणालो होतो. तेव्हा ती ताटं उचलून आत गेली होती. आता तो प्रसंग आठवला आणि मी कप सरकवून उठलो.

माझा धंदा सांगतो. जुनी घरं नवी करून देणं. स्वयंपाकघर, न्हाणी, गच्चीची गळती, फरशी, रंग, सगळं एका हातानं. नोकरी सोडून हे सुरू केलं, कार्ड छापलं, आर्वी नाक्याजवळच्या एका दुकानाच्या काउंटरवर कार्डांचा गठ्ठाही ठेवला. लोक फोन करतात. घरी बोलावतात. चहा पाजतात, गळकी भिंत दाखवतात, मी टेप काढतो, मापं घेतो, मग तो प्रश्न येतो. कोणाकडे काम केलं तुम्ही, दाखवा ना एखादं. तिथं माझी जीभ टाळूला चिकटते. दाखवायला माझ्याकडे काय होतं, तर घरमालकाची गच्ची, आणि शेजारच्या बंडूजींची न्हाणी. गच्ची दाखवून काय दिसणार, पाऊस पडल्याशिवाय गच्ची खोटं बोलते की खरं ते कळत नाही. आणि बंडूजी म्हणजे कुणालाही बनियनवर दार उघडतात, न्हाणीपर्यंत नेतात, आणि तिथं दारातच उभे राहून आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगायला लागतात. टाइल्स त्यांच्या मागे. माणूस गुडघा ऐकून परत जातो. मला एक घर हवं होतं. सबंध, मोठं, पाहुण्याला चप्पल काढून आत नेता येईल असं एकच घर. ते एकदा मिळालं की त्यातून दुसरं निघतं, दुसऱ्यातून तिसरं, भूपेंद्रचं तसंच झालं. आम्ही दोघं एकाच बिल्डरकडे साइटवर होतो, ऊन एकच खाल्लं, शिव्या एकाच माणसाच्या खाल्ल्या. तो माझ्या आधी बाहेर पडला. त्याचं पहिलं घर त्याच्या मामीचं, अल्लीपूरला. मामीनं भाच्याला घर दिलं, भाच्यानं ते नवं करून दिलं, मामी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. भाचा असणं किती सोपं असतं. भाच्याला मामी म्हणू शकते, मेल्या, ही टाइल वाकडी बसवली.

दिवाळीत सासरे, म्हणजे मधुकरराव, समुद्रपूरला त्यांचं कापडाचं दुकान आहे, जेवण झाल्यावर सुपारी कातरत आढ्याकडे पाहून म्हणाले होते, “यंदा स्वयंपाकघराचं अन् न्हाणीचं काईतरी करा लागते, जावईबापू.” जावईबापू असं शेवटी लावलं, म्हणून मी ते माझ्यासाठी आहे असं समजलो. मी म्हटलं, करून टाकू. ते म्हणाले, होऊन जाईल. आमच्याकडे लोक काम सांगताना असंच सांगतात, आढ्याकडे पाहून, तोंडानं सरळ देणं बरं दिसत नाही. त्या भरवशावर मी सहा महिने चाललो. त्याच भरवशावर मी सुलोचनाबाईंच्या घरी गेलो होतो आणि तिथंच जीभ सुटली.

सुलोचनाबाई सिंदी मेघेला राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मुलगा मिहिर पुण्याला. त्याचं लग्न ठरतंय, सून येणार, तर स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागची पडवी सगळं नवं करायचं. एवढं मोठं काम माझ्या दारात पहिल्यांदा आलं होतं. बाई बोलायला अगदी शुद्ध. वाक्य संपेपर्यंत ओठ मिटू द्यायच्या नाहीत, आणि आपण मध्ये बोललो तर थांबून आपल्याकडे पाहायच्या, वर्गात पाहिल्यासारखं. “तुम्हाला हे काम द्यायला माझी काही हरकत नाही,” म्हणाल्या, “पण तुमचं एखादं पूर्ण झालेलं घर मला दाखवा. मी आतून पाहीन. पाणी सोडून पाहीन.” मी बंडूजींचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तोंडातून दुसरंच आलं. माझ्या सासऱ्यांचं घर करतोय, म्हटलं, स्वयंपाकघर, न्हाणी, सगळंच. झालं की दाखवतो. बाईंचा चेहरा लगेच सैल झाला. “सासऱ्यांनी दिलं म्हणजे विचार करूनच दिलं असेल,” त्या म्हणाल्या, आणि मला दुसरा कप चहा दिला. त्या दुसऱ्या कपाचा मला नंतर फार राग येई.

आता ते घर झालं होतं. भूपेंद्रच्या स्टेटसमध्ये होतं. तोच फोटो त्यानं धंद्याच्या पेजवरही टाकला होता, तिथं लोकांचे अंगठे पडत होते, आणि कोणी मोहिनी नावाच्या बाईनं लिहिलं होतं, किती सुंदर, आमच्याकडे कधी येता. मी दिवसभर तो फोटो उघडून पाहायचो. टाइल्सच्या रेघा जुळल्यात का, सिलिकॉन नीट भरलं का, प्लग बोर्ड वाकडा आहे का. काही सापडेना. नवऱ्याला बायकोच्या फोनमध्ये काही सापडू नये आणि तरी तो शोधत राहावा तसं माझं झालं होतं. जळणं म्हणजे काय ते मला तोपर्यंत नीट माहीत नव्हतं. मी समजायचो, दुसऱ्याचं चांगलं पाहून वाईट वाटणं. तसं नाही ते. ते आपलंच आहे आणि दुसऱ्याच्या हातात आहे, असं वाटणं. तो ओटा माझा होता. त्याच्यावर माझं नावसुद्धा ठेवलेलं होतं, डब्यावर कोरून.

त्यात अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना. या महिन्यात कोणी नवं काम काढत नाही, आमच्या धंद्याला महिनाभर टाळं, आणि लग्नानंतरचा माझा हा पहिलाच अधिक, म्हणजे सासुरवाडीला जेवायला जाणं आलंच. मी जात नाही म्हटलं. रीतानं माझा नवा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाली, “आईनं पुरण शिजवलं असेल, अनारसे केले असतील. तुमचा राग बाबांवर आहे तं आईनं काय केलं.” मला म्हणायचं होतं, माझा राग भूपेंद्रवर आहे. पण त्यात काही अर्थ निघाला नसता. आम्ही एसटीनं गेलो. मे महिन्याचं ऊन, खिडकीतून वारा यायचा तो भट्टीवरून आल्यासारखा, दोन्ही बाजूला नांगरून ठेवलेली काळी वावरं, आणि मी पूर्ण रस्ता एकच गोष्ट मनात घोळवत होतो की तिथं गेल्यावर स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकायचं नाही.

पण पाहिलं. पहिल्यांदा तेच पाहिलं. सासूबाईंनीच नेलं, पदर डोक्यावर घेऊन, जराशा घाबरल्यासारख्या. फोटोपेक्षा चांगलं होतं. ट्रॉली उघडली तर आवाज नाही, आपोआप मिटते. डबा तिथंच, कोपऱ्यात. “बरं आहे,” मी म्हटलं. सासरे मागे उभे होते, हात पाठीशी. “तुमाले दाखवूनच करायचं होतं,” ते म्हणाले, “पण जावईबापू, आता तुमीच सांगा. तुमी उन्हातान्हात येणार, माझ्या घरी घमेलं उचलणाऱ्या माणसांवर ओरडणार, मी तुमाले चहा पाजू का हिशेब विचारू? अन् काई चुकलंमाकलं तं? भूपेंद्रले मी म्हणू शकतो, लेका हे खोलून पुन्हा बसव. तुमाले म्हणू का?” मी म्हटलं, म्हणायचं. ते हसले. असे हसले, जशी मी एखादी लहान मुलाची गोष्ट सांगितली. “नाई म्हणता येत,” ते म्हणाले. मनात आलं, तुम्ही खरं बोलताय की तुमचा माझ्या कामावर विश्वास नव्हता आणि हे सगळं तुम्ही नंतर शोधून काढलं. विचारता आलं नाही. जावयाला सासऱ्याला काही विचारता येत नाही, सासऱ्याला जावयाला काही बोलता येत नाही, आणि त्या मधल्या जागेत भूपेंद्र ओटा बांधून गेला.

मग मला पाटावर बसवलं. रांगोळी, समई, शेजारी रीता. सासऱ्यांनी परातीत माझे पाय ठेवले आणि सासूबाईंनी वरून पाणी घातलं. साठी ओलांडलेला माणूस माझे पाय चोळत होता आणि मी पाहत होतो की त्याच्या बोटाला ग्रॅनाइटच्या पॉलिशचा वास येतोय का. नव्हता येत. कुंकू, हळद, फुलं. घोट्यापर्यंत लालपिवळं झालं. वाणाच्या ताटात अनारसे, वर दिवा. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन वाजला. “हो, हो, घेऊन या ना,” ते म्हणाले, “आज तं घरात पाहुणेच आहेत.” मग मला म्हणाले, “भूपेंद्र एका बाईले घेऊन येऊन राह्यला, घर पाहायले. पाच मिनिटं फक्त.” मी म्हटलं, येऊ द्या. आवाज माझा होता की दुसऱ्या कुणाचा, कोण जाणे. पाय धुवून येतो म्हणून मी उठलो आणि न्हाणीत गेलो.

न्हाणी स्टेटसवर नव्हती. म्हणून मी ती पाहिली नव्हती. आत पाऊल ठेवलं आणि तळपायाला कळलं. डोळ्याआधी तळपायाला कळतं आमच्या धंद्यात. फरशीचा ढाळ चुकला होता. न्हाणीचं पाणी कोपऱ्यातल्या जाळीकडे वाहून जायला हवं, तेवढा उतार फरशीला ठेवायचा असतो, आणि इथं जाळी उंचावर आणि दार खाली. दाराशी पोत्याची चौघडी घातली होती, ओली, कडेला काळी पडलेली. म्हणजे रोज पाणी बाहेर येत होतं. म्हणजे सासूबाई रोज पुसत होत्या. म्हणजे ‘लेका हे खोलून पुन्हा बसव’ म्हणणाऱ्या माणसानं ते म्हटलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी नळाला धरून उभा राहिलो. तसा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. आता हे लिहिताना बरं दिसत नाही, पण तेव्हा अंगात थंडगार काहीतरी उतरत गेलं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यायल्यासारखं.

बाहेर चपला वाजल्या. भूपेंद्रचा आवाज, तोच, तूप लावलेला. “काकू, इकडून या. हा पॅसेज आपण पूर्ण खोलला. अन् ही बाथरूम, आत कोणी आहे वाटते.” आणि मग दुसरा आवाज, एकेक अक्षर पूर्ण उच्चारणारा. “असू दे, ओटा आधी पाहू.” सुलोचनाबाई. मी घर दाखवायला नेईना म्हणून त्यांनी दुसरा माणूस गाठला असणार. मी बादली नळाखाली लावली. भरेपर्यंत त्या स्वयंपाकघरात ट्रॉल्या उघडत होत्या, मिटत होत्या. मला त्यांच्याच घरी बसून मी सांगितलेलं आठवलं, माझ्या सासऱ्यांचं घर करतोय. बादली भरली. त्यांची पावलं पॅसेजमध्ये आली तसं मी दार उघडलं, पायावर पाणी घ्यावं तशी बादली वाकवली, आणि सगळीच्या सगळी ओतली. पाण्यानं जाळीकडे पाहिलंसुद्धा नाही. कुंकू घेऊन ते सरळ दाराकडे धावलं, पोत्यावरून उडी मारून पॅसेजमध्ये गेलं आणि सुलोचनाबाईंच्या पायांना लागलं. त्यांनी निऱ्या उचलल्या. भूपेंद्र दोन पावलं मागे. लालसर पाणी पसरत भिंतीपर्यंत गेलं. मी वाट पाहत होतो. आता कोणीतरी बोलेल. आता सासरे भूपेंद्रकडे पाहतील आणि म्हणतील.

सासरे म्हणाले, “ताई, तीर्थ समजा. आमच्या जावयाचे पाय धुतलेलं आहे, अधिकातलं.” आणि सगळे हसले. भूपेंद्र सगळ्यात मोठ्यानं. “जावई आहेत भाऊ, पूर्ण टाकी ओतली तरी चालते,” तो म्हणाला, आणि मला पाहून त्यानं हात जोडले, स्टेटसमध्ये जोडतो तसेच. सासूबाई पोतेरं घेऊन आल्या. मी भिंतीशी ठेवलेला वायपर उचलला तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. “काय करता, आजच्या दिवशी,” म्हणाल्या, आणि वाकून पुसायला लागल्या. पुसताना त्यांनी वर पाहिलं. ती नजर मला समजली. त्यात विनंती होती. मी गप्प बसलो, चांगुलपणानं नाही, माझ्या बोलण्याला तिथं जागाच नव्हती म्हणून. सुलोचनाबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे.

“म्हणजे तुम्ही मधूचे जावई,” त्या म्हणाल्या. मधू म्हणजे माझे सासरे. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, समुद्रपूर सुलोचनाबाईंचं माहेर. यांच्याच गल्लीतलं घर, आता विकलेलं. सासरे त्यांच्यापेक्षा लहान, त्यांच्या हाताला धरून शाळेत गेलेले. मी खोटं बोललो होतो ते त्यांनी काढलं नाही. त्या माझ्याशेजारी पंगतीला बसल्या, पुरणाचा धोंडा मोडून तूप घालून घेतला, आणि बोलता बोलता त्यांची भाषा बदलली. सिंदी मेघेला ज्या बाई ‘तुम्हाला’ म्हणायच्या त्या इथं म्हणाल्या, “तुमाले अजून एक वाढायले सांगू का?” माहेरी आल्यावर बायकांचा आवाजसुद्धा पदर सोडून बसतो. मला बरं वाटलं. ‘तुम्हाला’ परक्याला म्हणतात, मी मनात म्हटलं, आपलं काम झालं. भूपेंद्र समोर बसून अनारसे खात होता आणि बाई त्याच्याशी अजून ‘तुम्हाला’ बोलत होत्या. मी मोजूनमापून खूश झालो.

परतताना एसटीत रीता वाणाचं ताट मांडीवर धरून बसली होती. गाव मागे पडल्यावर म्हणाली, “पूर्ण बादली काऊन ओतली?” मी म्हटलं, हातातून सुटली. “आई रोज पुसते,” ती म्हणाली. “बाबा म्हणत होते, भूपेंद्रले बोलावतो, मंग म्हणे राहू दे. जावयाले न देता त्याले देल्लं, अन् त्यानं असं केलं, हे कोणाले सांगावं.” तिनं खिडकीबाहेर पाहिलं. मला सासऱ्यांची कीव यायला हवी होती. जरा आली. पण जास्त करून मी हेच मनात घोळवत होतो की सुलोचनाबाईंनी पाहिलं. पाणी सोडून पाहीन म्हणणारी बाई, तिच्या पायाशी मी पाणी नेऊन दाखवलं.

आणि त्यांचा फोन आला. “उद्या सकाळी घरी येजा,” त्या म्हणाल्या, “तुमाले घेऊनच एक काम आहे माझं.” मी दोनदा विचारलं, काम आहे ना. हो म्हणे, काम आहे. त्या सकाळी मी भूपेंद्रचं स्टेटस पाहिलं नाही. दाढी केली. टेप घेतला, टाइल्सचा कॅटलॉग घेतला, कानामागे ठेवायची पेन्सिल खिशात ठेवली. सिंदी मेघेच्या रस्त्यावर गाडी चालवताना मी मनात त्या घराचे फोटो काढत होतो, आधीचे आणि नंतरचे, आणि ते स्टेटसवर टाकत होतो, आणि भूपेंद्र तोंडात ब्रश घेऊन ते पाहत होता. त्याला कुठे कुठे दुखेल तेही मी ठरवलं. कोणाच्या दुःखाची इतकी बारीक मापं मी आधी घेतली नव्हती.

दारात रांगोळी होती. मला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस. आत गेलो तर पाट मांडलेला, समोर समई, तांब्याच्या ताटात अनारसे. सुलोचनाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. “बसा जावईबापू,” त्या म्हणाल्या. मी उभाच. “बसा. मले एकच मुलगा, लेक नाई. आजवर जेवढे अधिक आले, तेवढ्यांचं वाण मी देवळात नेऊन ठेवलं. ज्याची जावयाशी गाठ नाई त्यानं ते देवाले द्यावं म्हणतात. पण देव काई अनारसा मोडून खात नाई माझ्यासमोर.” त्यांचे डोळे भरले होते, वर्गात पाहायच्या त्या डोळ्यांत पाणी. “तुमी मधूचे जावई म्हणजे आमच्या गल्लीचे जावई. गावचे जावई. माझ्या हातचं घेसान ना?” नाही कसं म्हणणार होतो मी. बसलो. खिशातला टेप मांडीला रुतत होता. त्यांनी पाणी घातलं, कुंकू लावलं, ताट हातात दिलं, आणि खरं सांगतो, त्या वेळी मी टेप विसरलो. माझी आई गेल्यापासून एवढ्या मनापासून मला कोणी खायला दिलं नव्हतं. मी अनारसा मोडला. खुसखुशीत होता, खसखस जरा जास्त. त्या समोर बसून पाहत राहिल्या.

दुसरा अनारसा खाऊन झाल्यावर मी विचारलं. “अन् घराचं काय ठरलं, आत्याबाई?” आत्याबाई हे मीच म्हटलं, आपणहून. त्या खूश झाल्या. “घराचं भूपेंद्रले सांगतलं,” त्या म्हणाल्या. “अधिक संपला की सुरू.” मी म्हटलं, तुम्ही ती न्हाणी पाहिली ना. “पाह्यली ना. तुमच्यामुळंच पाह्यली. नाईतर मी ट्रॉल्यांवरच भाळली असती.” त्यांनी माझ्या हाताला हात लावला. “मी त्याले फोनवर असा धरला, असा धरला. मधूची न्हाणी आधी खोलून दे म्हटलं, मंग माझ्या दारात ये. देतो म्हणे. तो चुकला तं मी त्याले उभं करीन, वर्गाबाहेर काढीन. तुमाले कसं बोलू मी? सांगा. तुमाले कसं बोलू?”

ताटात अनारसे उरले होते, ते त्यांनी डब्यात भरून दिले. निघताना म्हणाल्या, न्हाणीत जरा येता का, जाळी कुठं अन् ढाळ कसा पाहिजे तेवढं भिंतीवर काढून द्या, भूपेंद्र आला की दाखवते, त्याची चूक व्हायले नको पुन्हा. मी गेलो. पेन्सिल खिशात होतीच. जुनी मोरी, सिमेंट उडालेलं, वर एक निळी साबणदाणी. मी दारापाशी उंची घेतली, कोपऱ्यात उंची घेतली, आणि दोघांच्या मध्ये रेघ ओढायला पेन्सिल टेकवली. त्या मागे उभ्या होत्या, पदराला हात पुसत, माझ्याकडे फार प्रेमानं पाहत. रेघ उलटी ओढली असती तर भूपेंद्रनं मुकाट्यानं तशीच फरशी बसवली असती, आणि पाणी त्यांच्या सुनेच्या पायापर्यंत आलं असतं. मी बराच वेळ पेन्सिल तशीच धरून होतो. मग ओढली. बरोबर ओढली. चुकीची ओढली असती तरी मला कोणी काही बोललं नसतं.